निरोप आला नाही तर

४ फेब्रुवारी

आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायला तुझी बोटं तयार नाहीत, म्हणून हे लांबलचक लिहितेय. इमेलने आलं तरी पत्रच समज.

तुझ्या खुर्चीवर बसून मला महिना झाला. खुर्चीचा डावा हात अजून हलतो. खोलीही तशीच आहे, धुलाईघराला लागून, त्यामुळे एक भिंत कायम कोमट. रक्तपेढीच्या मॅडम दिवसातून एकदा दारातून डोकावतात आणि "चालू आहे ना?" विचारतात. मी "चालू आहे" म्हणते. एवढंच आमचं बोलणं. माझं प्रोबेशन मार्चअखेर संपतं, आणि त्या माझ्याबद्दल काय लिहितील याचा मला काहीही अंदाज नाही.

आता कामाचं. तुझ्या सगळ्या स्क्रिप्ट्स वाचून काढल्या. रात्री डेटाबेसची नक्कल काढणारी, जुन्या नकला पुसणारी, डिस्क तपासणारी. सगळ्या चालतात, आणि का चालतात ते कुठेही लिहिलेलं नाही. फाइलींची नावं 'नवीन', 'नवीन_खरं', 'हेच_वापर' आणि 'हात_लावू_नको'. शेवटच्या फाइलमध्ये मुख्य पासवर्ड उघडावाघडा लिहिलेला आहे. आत्या, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तू त्याला उभंआडवं झोडपलं असतंस.

मी हे नीट लावायला घेतलंय. एका फाइलचं एकच काम. पासवर्ड वेगळ्या जागी, कुलपात. प्रत्येक बदल कुणी केला आणि कशासाठी, याची नोंद. उद्या मी नसले तर तिसऱ्या माणसाला वाचून कळलं पाहिजे, कुणाला फोन न करता.

घाई अशासाठी की इथे चूक झाली तर ती कागदावर राहत नाही. पिशवीवर नंबर असतो, पण ते रक्त कुणाचं आणि सगळ्या तपासण्यांतून निभावलं की नाही, ते डेटाबेसमध्ये असतं. डेटाबेस गेला तर फ्रीजमधलं सगळं रक्त ओतून द्यावं लागेल, आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तरी पोट उघडलेलं असेल. हे तूच मला पहिल्या दिवशी सांगितलंस. तेव्हापासून माझी भूक गेली आहे.

एक प्रश्न. तुझी सकाळची स्क्रिप्ट "रात्रीचं काम झालं" असा निरोप रोज एका मोबाइलवर पाठवते आणि तिकडून उत्तर यायची वाट बघते. तो नंबर तुझा आहे. तू तर निवृत्त झालीस. काढायचा राहून गेला ना?

काडी

(हे नाव ऑफिसात कुणाला माहीत नाही. तसंच राहू दे.)


९ फेब्रुवारी

काडी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग राग आला, मग चहा केला आणि परत वाचलं.

'नवीन_खरं' लिहिली त्या दिवशी काय चाललं होतं ते ऐक. वर ऑपरेशन, खाली डिस्क मेलेली, आणि माझ्या पाठीशी तीन डॉक्टर उभे राहून एकमेकांना सांगताहेत की हे होणार हे त्यांना आधीच माहीत होतं. अशा वेळी माणसाला फाइलसाठी गोंडस नाव सुचत नाही. 'खरं' सुचलं हेच खूप.

पण तुझं बरोबर आहे. का लिहून ठेवलं नाही? कारण मी होते ना! मला विचारायचं. आपण जागेवर असतो तोवर लिहावंसं वाटत नाही, आणि जागेवरून उठलो की कुणी विचारत नाही. तू विचारतेस, बरं वाटलं. पासवर्डबद्दल मात्र मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार आहे.

नंबर माझाच. राहू दे तो. सकाळी निरोप येतो, मी "पोचला" असं उत्तर पाठवते आणि माझा दिवस सुरू होतो. सवय झाली आहे. तुझ्या एवढ्या नीटनेटकेपणात माझा एक नंबर खपून जाईल.

इकडे मी उत्तम. तिसऱ्या मजल्यावर चढताना जिना मध्येच हलल्यासारखा वाटतो, पण इमारत जुनी आहे, तिचंही वय झालं. खालच्या शिंप्याशी रोज भांडते. मला ऐकू येत नाही आणि त्याला समजत नाही, त्यामुळे भांडण छान रंगतं. कानातलं यंत्र शिट्या मारतं म्हणून कपाटात ठेवलंय.

दादा विचारेल, "ती रोज ठीक असते ना?" तर हो म्हणून सांग.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

नंबर काढला. रागावू नकोस, कारणं देते.

एक तर निवृत्त माणसाचा नंबर आपल्या यंत्रणेत असणं नियमात बसत नाही, आणि मार्चमध्ये बाहेरची माणसं तपासणीला येणार आहेत. दुसरं म्हणजे त्या निरोपाच्या पुढे तू एक विचित्र शेपूट जोडलेलं होतंस. आठ वाजेपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मॅडमना कळवायचं. तू इथे नोकरीत होतीस तेव्हा त्याला अर्थ होता. आता तू सकाळी फिरायला गेलीस आणि फोन घरी राहिला, तर रक्तपेढीच्या प्रमुखांनी त्याचं काय करायचं? मॅडमना विचारायला जाण्याइतकी ही गोष्ट मोठी वाटली नाही, म्हणून विचारलं नाही.

खरा बदल वेगळाच आहे. मी सगळं उलटं केलंय. काम नीट झालं तर स्क्रिप्ट गप्प बसते. बिघडलं तरच बोलते, आणि तेही माझ्याशी. रोज "ठीक आहे, ठीक आहे" ऐकलं की माणूस वाचणंच सोडून देतो.

सकाळच्या सोबतीसाठी तुला निरोप हवा असेल तर मी स्वतः पाठवत जाईन. रोज जमेल असं वचन देत नाही.

काडी


२३ फेब्रुवारी

काडी,

काढलास. बरं. खुर्ची तुझी, निर्णय तुझा.

एकच विचारते, नाकाचा शेंडा लाल करू नकोस. तुझी स्क्रिप्ट गप्प बसली आहे. ती सुखाने गप्प आहे की मरून पडली आहे, हे तुला बाहेरून कसं कळतं? मी बहिरी बाई आहे. शांततेबद्दल तुझ्यापेक्षा दोन गोष्टी जास्त जाणते.

मला रोज निरोप पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. तुझ्यामागे कामं आहेत. आणि दादापाशी नंबर काढल्याचं बोलू नकोस. त्याला यातलं काही कळत नाही, उगाच डोक्यात घेऊन बसेल.

डॉक्टरांनी माझी गोळी बदलली. विशेष काही नाही.

आत्या


६ मार्च

आत्या,

तुझा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. प्रत्येक पायरीवर तपासणी घातली आहे. डिस्क भरली, पासवर्ड चुकला, नेटवर्क तुटलं, नक्कल अर्धवट निघाली, यातलं काहीही झालं तरी मला निरोप येतो. मुद्दाम एकेक गोष्ट बिघडवून, स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली. प्रत्येक वेळी आला.

आणि खरंच शांत आहे गं. गेल्या महिन्यात विजेचं काम निघालं, सगळे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावे लागले, तेव्हापासून तर एक तक्रार नाही. मॅडम काल आत येऊन चक्क खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या आत्यांच्या वेळी सारखं काहीतरी वाजायचं. तू शांतता आणलीस." मी आभार मानले. त्या बाहेर गेल्यावर, हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की नाही, यावर मी बराच वेळ घालवला.

बाबांना काही सांगितलं नाही. पण माझ्या ऑफिसातल्या एका नंबरावरून त्यांना काळजी का वाटावी, ते मला कळलेलं नाही.

सवडीने लिही. पत्र नाही आलं तर तू मजेत आहेस असं धरीन.

काडी


२० मार्च, दुपार

आत्या,

तुझं उत्तर नाही. रागावली असशील. तरी हे वाच, कारण तू बरोबर होतीस आणि ते तुला आवडेल.

पुढच्या आठवड्यात तपासणी. म्हणून आज सकाळी रात्रीची नक्कल दुसऱ्या मशीनवर उतरवून बघायला घेतली, ती खरंच उघडते का ते पाहावं म्हणून. फोल्डर उघडलं. सगळ्यात नवी नक्कल फेब्रुवारीतली होती, विजेच्या कामाच्या आदल्या रात्रीची.

मी फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं. माणूस असं का करतो कोण जाणे.

झालं ते असं. स्क्रिप्ट्सना ठरल्या वेळी उठवणारा प्रोग्राम सर्व्हर पुन्हा चालू केल्यावर आपोआप सुरू होत नाही. तो कुणीतरी हाताने सुरू करावा लागतो. तू दर वेळी करत असशील, सवयीने. मला ते माहीत नव्हतं. तो बंद, म्हणून एकही स्क्रिप्ट चालली नाही. चाललीच नाही तर ती चुकणार कशी, आणि चुकल्याचं सांगणार कशी? मी बिघाडाच्या प्रत्येक प्रकारासाठी निरोप लिहिला होता. मेलेल्याने कुणाला निरोप द्यायचा, ते लिहिलं नव्हतं.

डिस्क तपासणारी स्क्रिप्टही झोपलेली. म्हणून सर्व्हरच्या खोलीत गेले. जोडीतल्या एका डिस्कचा दिवा नारिंगी होता. ती कधी गेली ठाऊक नाही. म्हणजे अख्ख्या रक्तपेढीचा डेटा एकाच डिस्कवर उभा होता आणि मागे नक्कल नव्हती. माझ्या पाचावर धारण बसली. हाताने नक्कल काढायला लावली आणि तिथेच उभी राहिले. उरलेली डिस्क मध्येच थांबायची, कुरकुरायची, पुन्हा चालायची. ती थांबली की मी पण श्वास थांबवायचे. वर दोन ऑपरेशनं चालू होती.

नक्कल पूर्ण निघाली. उघडून पाहिली. उघडते. रक्त वाचलं.

मग मॅडमच्या खोलीत जाऊन जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं.

"आत्या बऱ्या आहेत ना?"

"असेल."

"असेल म्हणजे? तुला रोज कळत नाही?"

"रोज कसं कळेल मॅडम?"

"अगं, त्यांचं सकाळचं उत्तर नाही आलं की मला निरोप येतो ना! मग मी तुझ्या वडिलांना फोन करायचा, असं ठरलंय आमचं. त्या अटीवर तर तुझ्या वडिलांनी त्यांना एकटं राहू दिलं. महिनाभर मला काही आलं नाही. म्हटलं, बाई ठणठणीत आहे."

मी म्हटलं, "ते मी काढलं."

मॅडमनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

आत्या, हे वाचल्याबरोबर एक शब्द लिही. कोणताही.


२० मार्च, संध्याकाळ

आत्या,

हे तू आत्ता वाचणार नाहीस, ते मला कळतं. तरी लिहितेय, कारण हातांना दुसरं काम नाही.

बाबा तुझ्याकडे निघाले आहेत. पोचायला वेळ लागेल. मध्ये मी तुला निरोपांवर निरोप पाठवले. पोचल्याची खूण दिसते, वाचल्याची दिसत नाही. शिंप्याचा नंबर बाबांकडेही नव्हता. मग आठवलं, तू गेल्या वर्षी नव्या चपलांचा फोटो पाठवला होतास, इमारतीच्या दारात उभी राहून. मागे त्याची पाटी आहे. पाटीवर नंबर आहे, शेवटचा आकडा खांबाआड गेलाय. दहा शक्यता. मी शून्यापासून सुरुवात केली. एका बेकरीने मला झापलं. चौथा लागला.

"तिसऱ्या मजल्यावरच्या बाई? हो, त्या सकाळी भांडायला आल्या नाहीत खऱ्या."

"काल?"

"काल पण नाही. मला वाटलं रुसल्या. म्हटलं, उद्या येतील आपणहून."

मी, मॅडम आणि शिंपी. तिघांनी एकच अर्थ लावला.

तो मशीन तसंच सोडून वर गेला आहे. फोन त्याने बंद केला नाही, माझ्या टेबलावर स्पीकर चालू आहे. मला त्याच्या चपलांचा आवाज येत होता. बेल दाबली. मी ओरडले, "बेलचा उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही!" तो म्हणाला, "हो की." दार आतून बंद. वरच्या झरोक्यातून दिवा जळताना दिसतोय, बाहेर अजून उजेड असताना. त्याने बाजूच्या गल्लीतून कुलूपवाल्याला बोलावलंय. कुलूपवाला आला. दाराला आतून कडीही आहे म्हणतो. कडी कशाला लावतेस गं दिवसा?

काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय. मॅडम माझ्या मागे उभ्या आहेत. घरी गेल्या नाहीत.

शिंपी म्हणतोय, "सावकाश, दाराच्या मागेच असतील तर लागेल त्यांना."

कडी निघाली.


२८ मार्च

काडी,

डाव्या हाताच्या एका बोटाने लिहितेय. तुझ्या स्क्रिप्टसारखं, एका वेळी एकच काम.

उजवं मनगट मोडलंय, कमरेला मुका मार आहे, बाकी सगळं जागेवर. चक्कर आधीपासूनच येत होती, गोळी बदलल्यावर वाढली. जिना हलतो म्हणत होते तो जिना नव्हता, मीच होते. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. दादाला मी अजून "जिना हलतो" एवढंच सांगितलंय.

तुझ्या सहा तारखेच्या पत्राला उत्तर अर्धं लिहून ठेवलं होतं. रागाने सुरुवात केली, मग राग ओसरला, मग लाज वाटली आणि ते तसंच राहिलं.

एकोणीसला सकाळी न्हाणीघराच्या दारात पडले. फोन स्वयंपाकघरात, ओट्यावर. पडल्यावर मी घाबरले नाही. मनात सगळं मांडलं. आठपर्यंत माझं उत्तर जाणार नाही. मॅडमना निरोप जाईल. त्या दादाला सांगतील. दादा कुणाला तरी पाठवेल. दार वाजेल, मला ऐकू येणार नाही, पण वाजेल. आपण आपली पडून राहायचं. अशी निवांत, शहाण्यासारखी पडून राहिले.

मग आठवलं.

काडी, तो क्षण वाईट होता. पडण्यापेक्षा वाईट. तुला टोचायला सांगत नाही. सांगायचं कारण वेगळं. मी चाळीस वेळा माणसांना बजावलं असेल, का ते लिहून ठेवा. आणि त्या नंबरापाशी मी एक ओळ लिहिली नाही. तू सरळ विचारलंस, तेव्हा "सवय आहे" म्हटलं. खरं लिहिलं असतं तर तू हात लावला नसतास. पण मग तुला कळलं असतं की ही बाई एकटी राहायचा हट्ट करते आणि एकटी राहायला घाबरते. त्यापेक्षा पासवर्ड उघडा ठेवणं मला सोपं गेलं.

दीड दिवसाने शिंपी आत आला. त्याचा चेहरा बघून मी म्हटलं, "ओरडू नकोस, ऐकू येत नाही." तो ओरडत नव्हता, रडत होता.

आता दादाकडे आहे. त्याने माझ्यासाठी आतली खोली रिकामी केली, पडदेसुद्धा लावले. म्हणतो, आता परत जायचं नाव काढायचं नाही. मला माझं घर हवंय, काडी. माझा ओटा, माझं भांडण, माझी कडी. पण त्याच्यापुढे बोलायला तोंड नाही. तो सकाळी माझा फोन उशाशी आणून ठेवतो आणि दारात उभा राहतो.

रक्त वाचलं ना? हे मी आधी विचारायला हवं होतं.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

रक्त वाचलं. डिस्क बदलली. आता सकाळचा निरोप पुन्हा रोज येतो, मला आणि मॅडमना, आणि तो आला नाही तर वेगळ्या इमारतीतलं दुसरं मशीन ओरडतं. स्क्रिप्ट्सना उठवणारा प्रोग्राम आता आपोआप सुरू होतो. तो का सुरू व्हायला हवा, तेही लिहून ठेवलंय.

मॅडमनी माझं प्रोबेशन तीन महिने वाढवलं. शेऱ्यात लिहिलं: "चूक स्वतः शोधली व लपवली नाही. मात्र बदल करण्यापूर्वी विचारले नाही." यात मला एक शब्दही बदलावासा वाटत नाही.

माफी मागणारं पत्र तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ते माझ्याबद्दल झालं. म्हणून त्याऐवजी एक स्क्रिप्ट लिहिली. दवाखान्याचा हिच्याशी संबंध नाही, माझ्या स्वतःच्या खर्चाने चालते. रोज सकाळी तुला निरोप येईल. आठपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून देईल. तरी नाही आलं, तर शिंप्याला, बाबांना आणि मला फोन जाईल. शिंप्याकडे तुझ्या घराची किल्ली राहील. दिवसा कडी लावायची नाही, ही अट आहे. स्क्रिप्टच बंद पडली तर कळावं म्हणून बाबांच्या कॉम्प्युटरवर तिची जुळी ठेवली आहे. त्या दोघी रोज एकमेकींची चौकशी करतात. एक गप्प झाली की दुसरी बोंब मारते.

बाबांना हे सगळं कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "आणि वीज गेली तर?" तोही प्रश्न बरोबर होता. सोय केली. मग म्हणाले, "गोळी पुन्हा बदलून चक्कर थांबली असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर तीन महिने बघू." जिन्याचं मी त्यांना सांगितलं. तू सांगणार नव्हतीस.

फाइलच्या सुरुवातीला हे लिहिलंय:

"ही स्क्रिप्ट कशासाठी: आत्या एकटी राहते. तिला तसंच राहायचं आहे.
उत्तर आलं नाही तर ते ठीक समजू नये.
यातला कोणताही नंबर काढण्याआधी त्या माणसाला विचारावं, तो का ठेवला आहे. पहिलं उत्तर खरं असेलच असं नाही. पुन्हा विचारावं."

काही बदल हवा असेल तर सांग.

काडी


५ एप्रिल

काडी,

चहाडखोर. जिन्याचं सांगितलंस ते बरंच केलंस.

एक बदल हवा. तू भाड्याच्या खोलीत एकटी राहतेस. घरमालकिणीला तू महिन्यातून एकदा दिसतेस. ऑफिसात बोलतेस ते दोन शब्द, "चालू" आणि "आहे". उद्या तू पडलीस तर मला कोण सांगणार? माझ्याबरोबर तुलाही रोज निरोप आला पाहिजे, आणि तुझं उत्तर नाही आलं तर माझा फोन थरथरला पाहिजे. दादाचाही. "मी तरुण आहे" हे उत्तर चालणार नाही. डिस्कही नवीन असते.

एका फाइलचं एकच काम ना तुझं? मग दुसरी फाइल कर. नाव मी सुचवते: 'हात_लावू_नको'.

आत्या


३ मे

आत्या,

तू घरी परतलीस त्याचा आज पहिला दिवस, म्हणून अहवाल.

निरोप वेळेवर गेला. उत्तर आलं नाही. आठ वाजले. आठवण गेली. उत्तर नाही. मी दात घासायचा ब्रश तोंडात धरून खोलीच्या मधोमध उभी होते. शिंप्याचा नंबर लावायला घेतला, तेवढ्यात तुझं आलं: "पोचला. दूध उतू जात होतं."

इथून पुढे आधी उत्तर, मग दूध.

मी खाली बसले. ब्रश अजून तोंडातच होता. तेवढ्यात बाबांचा फोन. नेहमी जेवलीस का विचारतात, आज आवाज चिरकलेला.

"काडी! ठीक आहेस ना? उत्तर का नाही दिलंस?"

तुझी वाट बघण्याच्या नादात मी माझ्या निरोपाला उत्तर द्यायचं विसरले होते. तुझाही फोन तेव्हाच थरथरला असणार, कारण पाठोपाठ तुझे सात निरोप आले. त्यातले चार नुसते माझं नाव होते.

दुसऱ्या फाइलची चाचणी घ्यायची राहिली होती. ती झाली. चालते.

पोचला.

काडी